विहिरींच्या भूजल-उपशावर शुल्क कसे ठरवावे: नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

भूजल-उपशावर शुल्क लावण्याचे काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच येते, ते बहुतेक वेळा ‘दर किती ठेवायचा?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा आहे की हा प्रश्न बराच पुढे ढकलावा. शुल्क कशासाठी, कोणाकडून, कोणत्या मोजमापावर आणि कोणत्या अधिकाराने घ्यायचे, हे आधी ठरले की दर काढणे हा बव्हंशी अंकगणिताचा भाग उरतो. ही चार उत्तरे हाती नसताना ठरवलेला दर मात्र पहिल्याच हरकतीत किंवा पहिल्याच सुनावणीत कोसळतो. पाणीवापर संस्था, स्थानिक प्रशासन किंवा खोरे-पातळीवरील मंडळ यांत नव्याने रुजू झालेल्या सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी पुढील पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्याव्यात. या लेखात ‘विहीर’ हा शब्द उघडी विहीर, विंधन विहीर आणि कूपनलिका या तिन्हींसाठी वापरला आहे.

पहिली पायरी: शुल्काचा हेतू एका वाक्यात लिहा

भूजलावरील शुल्क चार निरनिराळ्या कारणांसाठी घेतले जाते. नोंदणी, मोजणी आणि देखरेख यांचा खर्च भागवणे हे पहिले कारण. पुनर्भरणासाठी, म्हणजे जमिनीत पाणी मुरवण्यासाठी, किंवा बाहेरून पाणी आणण्यासाठी पैसा उभा करणे हे दुसरे. उपसा महाग करून तो कमी करवणे हे तिसरे, आणि ज्यांना उपशामुळे किंवा पाणी जपण्याच्या बंधनांमुळे तोटा सोसावा लागतो त्यांना भरपाई देणे हे चौथे. चारही कारणे रास्त आहेत, परंतु ती एकमेकांच्या आड येतात. उपसा घटवण्यात यशस्वी झालेले शुल्क स्वतःचेच उत्पन्न घटवते, आणि पुनर्भरणाचा खर्च त्याच उत्पन्नावर बेतलेला असेल तर तो खर्च उघडा पडतो. म्हणून मुख्य हेतू एकच ठेवावा, दुय्यम हेतू असल्यास तो तसा स्पष्ट नमूद करावा.

कॅलिफोर्नियातील ऑरेंज कौंटी जल जिल्ह्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. या संस्थेच्या कायद्यात १९५३ मध्ये दुरुस्ती झाली आणि उपशाच्या प्रमाणात पुनर्भरण-आकार घेण्याचा अधिकार तिला मिळाला. त्याचबरोबर विहिरींची नोंद आणि उपशाचा अहवाल देणे बंधनकारक झाले. जमा होणारा पैसा बाहेरचे पाणी विकत घेऊन जमिनीत मुरवण्यासाठी होता, त्यामुळे पैसे भरणाऱ्याला आपला पैसा कोठे मुरतो आहे हे अक्षरशः दिसत होते. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याने १९८८ पासून घेतलेला ‘वासरफेनिग’, म्हणजे पाणी-पैसा, वेगळ्या कारणासाठी होता. जलसंरक्षण क्षेत्रातील शेतकऱ्यांवर खतांच्या वापराची बंधने आली होती, आणि त्यांच्या भरपाईचा भार पाणी वापरणाऱ्यांनी उचलावा अशी त्यामागची कल्पना होती. याउलट नेदरलँड्समध्ये १९९५ पासून असलेला राष्ट्रीय भूजल-कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होत असे, त्याचा बहुतांश भार पेयजल कंपन्यांवर पडत असे, आणि २०११ अखेर तो रद्द करण्यात आला. भूजलाच्या कामाशी घट्ट न बांधलेले शुल्क किती सहज मोडीत निघू शकते, याचा विचार नव्या मंडळाने सुरुवातीलाच करावा.

दुसरी पायरी: अधिकार कोठून येतो ते तपासा

भूजलाची मालकी सर्वत्र सारखी नाही. काही कायदेपद्धतींत जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क असतो, तर काहींत भूजल राज्याच्या किंवा जनतेच्या मालकीचे असून उपसणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात शुल्काचे समर्थन ‘व्यवस्थापनाच्या सेवेचा मोबदला’ असे करावे लागते. दुसऱ्या प्रकारात ‘सार्वजनिक संपत्तीच्या वापराचा मोबदला’ असे करता येते. तुमच्या कायद्यात कर आणि शुल्क यांत काय भेद केला आहे, शुल्काला खर्चाची मर्यादा आहे का आणि पूर्वसूचना किती दिवसांची हवी, हे विधिज्ञाकडून लेखी घ्यावे.

ही पायरी टाळल्याची किंमत किती असते हे कॅलिफोर्नियातीलच दोन प्रकरणांत दिसते. पहारो खोऱ्यातील जल व्यवस्थापन संस्थेने वाढवलेला उपसा-आकार २००७ मध्ये अपील न्यायालयाने अवैध ठरवला, कारण राज्यघटनेने ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती. पुढे संस्थेने नव्याने प्रक्रिया करून आकार लावला आणि तो २०१३ मध्ये न्यायालयात टिकला. दुसरे प्रकरण सॅन ब्वेनाव्हेंच्युरा शहर आणि युनायटेड जलसंधारण जिल्हा यांच्यातील आहे. तेथे शेतीव्यतिरिक्त उपशाला शेतीच्या तिप्पट दर होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला की पैसे भरणाऱ्यावर टाकलेला वाटा आणि त्याने व्यवस्थेवर टाकलेला भार किंवा त्याला मिळणारा लाभ यांत वाजवी संबंध असला पाहिजे. तुमच्याकडे तो कायदा लागू नसला तरी ही कसोटी प्रत्येक दरपत्रकाला लावून पाहावी, असे मी सुचवेन. एका गटाला दुप्पट दर का, याचे उत्तर पाण्याच्या हिशेबात सापडत नसेल तर तो दर ठेवू नये, किंवा ती सामाजिक सवलत आहे असे उघड सांगून तिचा भार वेगळ्या निधीतून उचलावा.

तिसरी पायरी: पाण्याचा ताळेबंद मांडा

जलधर म्हणजे पाणी साठवणारा आणि वाहू देणारा खडकाचा किंवा वाळू-मातीचा थर. त्यात दरवर्षी किती पाणी मुरते आणि त्यातून किती निघते, याचा अंदाज नसताना शुल्काला आधार नाही. नव्या माणसाला झेपेल अशी सोपी पद्धत पाणीपातळीच्या चढउताराची आहे. पावसाआधी आणि पावसानंतर निरीक्षण विहिरींतील पातळी मोजावी, सरासरी चढ काढावा, त्याला क्षेत्रफळाने गुणावे, आणि खडकातून प्रत्यक्ष निथळून येऊ शकणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाने पुन्हा गुणावे.

समजा क्षेत्र ३० चौरस किलोमीटर, म्हणजे ३ कोटी चौरस मीटर आहे, पातळी सरासरी ३ मीटर चढली आणि निथळणाऱ्या पाण्याचे प्रमाण ५ टक्के आहे. वाढलेला साठा ४५ लाख घनमीटर होतो. पाणी चढण्याच्या काळात जो उपसा झाला असेल तो यात मिळवावा लागतो. आपल्या उदाहरणात तो नगण्य मानू. यातले सगळे पाणी उपसायला मोकळे नसते, कारण ओढे, झरे आणि नदीचा उन्हाळी प्रवाह याच साठ्यावर जगतात. त्यांच्यासाठी ५ लाख राखले तर टिकाऊ उपसा ४० लाख घनमीटर ठरतो. प्रत्यक्ष उपसा ६० लाख असेल तर वर्षाची तूट २० लाख घनमीटर आहे.

या गणितातला सर्वांत नाजूक आकडा निथळीचा आहे. कठीण खडकात तो २ टक्क्यांच्या आसपास असू शकतो, वाळूमिश्रित गाळात १० टक्क्यांहून अधिक, आणि तो बदलला की उत्तर कित्येक पट बदलते. म्हणून तो अंदाजाने घेऊ नये. भूजलतज्ज्ञाकडून उपसा-चाचणी करवून घ्यावी आणि अहवालात एकच आकडा न देता किमान ते कमाल असा पल्ला द्यावा. सुनावणीत शेतकरी हाच आकडा विचारतात, आणि त्यांनी तो विचारावा हे योग्यच आहे.

चौथी पायरी: विहिरींची नोंदवही, आणि कोणाला वगळायचे

नोंदवहीत प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश, खोली, व्यास, पंपाची अश्वशक्ती, वीजजोडणीचा क्रमांक किंवा सौर पंपाचा तपशील, पाण्याचा उपयोग, भिजणारे क्षेत्र आणि सहहिस्सेदारांची नावे असावीत. शेवटची बाब अनेकदा राहून जाते. एका विहिरीवर चार भावांची पाळी असेल तर बिल कोणाच्या नावे काढायचे हा प्रश्न पहिल्याच हंगामात येतो. नोंदणीच्या वेळीच हिस्सेदारांनी एक प्रतिनिधी नेमावा आणि हिश्शांचे प्रमाण लिहून द्यावे.

नोंदणीला लोक घाबरतात, कारण नोंद झाली की बिल येणार हे त्यांना कळते. माझ्या मते नोंदणी आणि आकारणी यांत किमान एक पूर्ण हंगाम जाऊ द्यावा, ठरावीक तारखेपर्यंत स्वतःहून नोंदवलेल्या विहिरीला कोणताही मागील दंड लावू नये, आणि नोंद असलेल्या विहिरीलाच शेजारच्या नव्या खोदकामाविरुद्ध हरकत घेण्याचा हक्क द्यावा. नोंदणीतून विहीरमालकाला काही मिळते आहे असे दिसले तरच नोंदवही पुरी होते.

लहान घरगुती विहिरी वगळणे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे ठरते, कारण त्यांच्या वसुलीचा खर्च उत्पन्नापेक्षा अधिक होतो आणि पिण्याच्या पाण्यावर हात टाकल्याची भावना साऱ्या योजनेला मारक ठरते. ॲरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्याने मिनिटाला ३५ गॅलन, म्हणजे सुमारे १३२ लिटर, किंवा त्याहून कमी क्षमतेचा पंप असलेल्या विहिरींना वेगळ्या सवलतीच्या वर्गात ठेवले. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या शाश्वत भूजल व्यवस्थापन कायद्यात वर्षाला २ एकर-फूट, म्हणजे सुमारे २,४६७ घनमीटर, किंवा त्याहून कमी घरगुती उपसा करणाऱ्याला किरकोळ वापरकर्ता मानले आहे. मात्र सवलतीची रेषा फार वर ओढली तर शुल्कच नावापुरते उरते. जॉर्डनच्या २००२ च्या भूजल नियमांनी परवानाधारक शेतीविहिरींना वर्षाकाठी दीड लाख घनमीटरपर्यंतचा उपसा विनाशुल्क ठेवला. या मर्यादेच्या आत राहणाऱ्या विहिरीच्या मालकाला शुल्काचा स्पर्शही होत नाही. रेषा ठरवण्याआधी नोंदवहीतील विहिरी उपशाच्या उतरत्या क्रमाने लावून पाहाव्यात. बहुधा थोड्याशा मोठ्या विहिरींकडे उपशाचा मोठा भाग असतो, आणि त्या नेमक्या किती आहेत हे कळले की रेषा कोठे ओढायची ते दिसू लागते.

विहिरीचे पाणी टँकरने विकणाऱ्यांचा वेगळा विचार करावा. शुल्क जमिनीतून निघालेल्या पाण्यावर आहे, ते कोणी वापरले यावर नाही. तेव्हा ते विहीरमालकाकडूनच घ्यावे आणि ‘घरगुती विहीर’ ही सवलत विक्री सुरू होताच संपते असे नियमात लिहावे.

पाचवी पायरी: उपसा मोजण्याची पद्धत निवडा

सगळ्या पायऱ्यांत मी या पायरीला सर्वाधिक वेळ देतो आणि इतरांनीही द्यावा असे मला वाटते. लोक दर सहन करतात, पण चुकीचे मोजमाप सहन करत नाहीत. प्रत्यक्षात तीन मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग पाइपवर बसवलेल्या मीटरचा. यांत्रिक मीटर स्वस्त असतो, परंतु वाळू आणि क्षारांनी त्याचे फिरते भाग झिजतात. विद्युतचुंबकीय आणि ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मीटरांत फिरते भाग नसतात, पण ते महाग पडतात. कोणताही मीटर असला तरी पाइप त्या जागी पूर्ण भरलेला असला पाहिजे आणि मीटरच्या आधी-नंतर सरळ पाइपची लांबी सोडलेली असली पाहिजे. अनेक यांत्रिक मीटरांसाठी ही लांबी आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सांगितली जाते. निर्मात्याची सूचना अंतिम मानावी. वळणाला लागून बसवलेला मीटर चुकीचा आकडा देतो आणि दोष मात्र मंडळावर येतो. मीटरला क्रमांकित सील असावे, वाचनाचा छायाचित्रासह पुरावा ठेवावा, आणि मीटर बंद पडल्यास त्या काळाचा उपसा कसा धरायचा हे आधीच लिहून ठेवावे. मागील दोन वर्षांच्या त्याच महिन्यांची सरासरी ही त्यातल्या त्यात वादरहित पद्धत आहे.

दुसरा मार्ग वीजवापरावरून पाण्याचा हिशेब करण्याचा. चीनच्या हपै प्रांतात मीटर नसलेल्या असंख्य शेतीविहिरींसाठी ‘विजेचे पाण्यात रूपांतर’ ही पद्धत वापरली जाते. तिच्यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. १ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला सुमारे ०.००२७ युनिट वीज लागते. एकूण उचल ५० मीटर आणि पंप, मोटर व पाइप यांची मिळून कार्यक्षमता ५० टक्के असेल तर एका घनमीटरला सुमारे ०.२७ युनिट लागते, म्हणजे एका युनिटमध्ये साधारण ३.७ घनमीटर पाणी येते. पातळी १० मीटर खाली गेली तर त्याच युनिटमध्ये सुमारे ३.१ घनमीटर येते. जुन्या पंपाची कार्यक्षमता ३० टक्के असेल तर ५० मीटरवरून जेमतेम २.२ घनमीटर. यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, रूपांतराचा गुणांक साऱ्या क्षेत्राला एकच लावला तर खोल विहिरीच्या आणि जुन्या पंपाच्या मालकाकडून त्याने न उपसलेल्या पाण्याचे पैसे घेतले जातात, म्हणून उचलीनुसार क्षेत्राचे गट पाडून प्रत्येक गटातील काही विहिरींवर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. दोन, गुणांक कायमचा नसतो. पातळी हंगामागणिक बदलते, तेव्हा तो वर्षातून किमान एकदा तपासावा.

ज्या विहिरींवर सौर पंप आहेत तेथे हा मार्ग बंद होतो. पंप बसवल्यानंतर उपशाचा दरदिवशीचा खर्च जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे वीजबिलामुळे आपोआप बसणारा लगामही राहत नाही. सौर पंपांसाठी मीटर किंवा पंपाच्या नियंत्रकातील चालू तासांची नोंद सक्तीची करावी, आणि हे नियम पंप बसवण्याआधी लागू करावेत, नंतर ते फार अवघड जाते.

तिसरा मार्ग पीक आणि भिजलेले क्षेत्र यांवरून अंदाज बांधण्याचा. उपग्रह-चित्रांवरून पिकांच्या बाष्पोत्सर्जनाचा अंदाज काढता येतो आणि मोठ्या क्षेत्राच्या ताळेबंदासाठी तो मोलाचा आहे. परंतु तो पिकाने वापरलेले पाणी सांगतो, विहिरीतून निघालेले नाही. पाऊस, कालव्याचे पाणी आणि जमिनीत परत मुरलेला भाग वेगळे काढावे लागतात. एकेका खातेदाराचे बिल केवळ त्यावर काढणे मला धोक्याचे वाटते. मीटरच्या आकड्यांची पडताळणी आणि नोंद न झालेल्या विहिरींचा शोध या दोन कामांना तो उत्तम आहे.

सहावी पायरी: शुल्काची रचना आणि दर

आता दर. आपलेच उदाहरण पुढे नेऊ. नोंदणी, मोजणी, हिशेब आणि निरीक्षण यांचा वार्षिक खर्च १८ लाख आहे, चलन कोणतेही असो, आणि विहिरींची संख्या ९०० आहे. हा खर्च उपसा कमी झाला म्हणून घटत नाही, म्हणून तो प्रति विहीर वार्षिक स्थिर आकारातून घ्यावा: २,००० प्रति विहीर. लहान आणि मोठ्या विहिरीला सारखा आकार खटकत असेल तर पाइपच्या व्यासानुसार दोन-तीन टप्पे करता येतील. पुनर्भरणाचा वार्षिक कार्यक्रम ४२ लाखांचा आहे आणि उपसा ६० लाख घनमीटर, तेव्हा उपशाच्या प्रमाणातील दर ०.७० प्रति घनमीटर येतो.

येथे थांबणाऱ्या मंडळाला दोन वर्षांनी तूट येते. पाच वर्षांत उपसा ४८ लाखांवर आणायचा असे ठरले असेल आणि तसे घडले, तर ०.७० च्या दराने फक्त ३३.६ लाख जमतील, ८.४ लाखांची खोट येईल, आणि ती भरून काढण्यासाठी दर ०.८७५ करावा लागेल. ज्यांनी पाणी वाचवले त्यांनाच ‘वाचवल्याबद्दल दरवाढ’ अशी ही गोष्ट दिसते. उपाय असा की पाच वर्षांचे दर पहिल्याच दिवशी, उपशाच्या अपेक्षित घटीसह, जाहीर करावेत आणि दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी सुरुवातीपासून बाजूला टाकावा.

दर वाढवल्याने उपसा खरोखर घटतो का? शेतीत पहिल्या एक-दोन वर्षांत फार नाही, कारण उभे पीक, लावलेली फळबाग आणि घेतलेले कर्ज लगेच बदलत नाही. दर पंपिंगच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असेल तर पुढेही घटत नाही. मात्र दर जाणवण्याइतका असेल आणि त्यामागे लोकांची संमती असेल तर घट होते. कोलोरॅडोतील सॅन लुईस खोऱ्यात सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या पुढाकाराने उपविभाग स्थापून २०११ मध्ये एकर-फुटाला, म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटरला, ४५ डॉलर शुल्क लावले आणि पुढे ते ७५ डॉलर केले. नंतरच्या अभ्यासात तेथील उपसा सुमारे एक-तृतीयांशाने घटलेला आढळला. स्वतःवर स्वतः लावलेले शुल्क असल्यामुळे त्याविरुद्धचा रोष आवाक्यात राहिला, असे मला वाटते.

दर परवडत नाही ही तक्रार खरी असते आणि ती ऐकून घ्यावी. हपैमधील ताओछंग जिल्ह्यात यावर एक सुबक तोड काढण्यात आली: पाण्याचा दर वाढवायचा आणि वाढीव रक्कम जमिनीच्या क्षेत्रानुसार शेतकऱ्यांनाच परत वाटायची. सरासरीपेक्षा कमी पाणी वापरणाऱ्याच्या हाती भरल्यापेक्षा अधिक रक्कम येते, जास्त वापरणाऱ्याचे नुकसान होते, आणि एकूण बोजा वाढत नाही. हेतू महसुलाचा नसून उपसा घटवण्याचा असेल तर टप्प्याटप्प्यांच्या चढत्या दरांपेक्षा मी ही पद्धत पसंत करेन. चढत्या दरांत मोठे कुटुंब, सामाईक विहीर आणि जास्त जमीन असलेला काटकसरी शेतकरी हे तिघेही विनाकारण वरच्या टप्प्यात ढकलले जातात. टप्पे ठेवायचेच असतील तर ते प्रति विहीर न ठेवता प्रति हेक्टर किंवा प्रति हिस्सेदार ठेवावेत.

शुल्कासोबत कोटाही लागतो का, हेही येथेच ठरवावे. तूट मोठी असेल तर लागतो. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील शेरिडन-६ या भागात २०१३ पासून शेतकऱ्यांनी शुल्काऐवजी पाच वर्षांचा एकत्रित कोटा स्वीकारला, एकरी ५५ इंच उंचीइतके पाणी, आणि २० टक्के कपातीचे उद्दिष्ट ठेवले. पाच वर्षांचा कोटा असल्याने कोरड्या वर्षी जास्त आणि ओल्या वर्षी कमी उपसण्याची मोकळीक राहते. शुल्क आणि कोटा दोन्ही असतील तर बिलावर स्पष्ट छापावे की शुल्क भरल्याने कोट्याबाहेर उपसण्याचा हक्क मिळत नाही.

सातवी पायरी: हरकती, बिल आणि थकबाकी

प्रस्तावित दर, ताळेबंद, खर्चाचा तपशील आणि मोजणीची पद्धत ही सारी कागदपत्रे सुनावणीच्या पुरेशी आधी लोकांच्या हाती द्यावीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शुल्काला आधारभूत माहिती सभेच्या किमान २० दिवस आधी उपलब्ध करण्याची अट आहे. नव्या मंडळाने स्वतःसाठी एक महिना ठरवावा. सुनावणी पाणी उपसणाऱ्यांच्या वस्तीत, त्यांच्या कामाची वेळ सोडून घ्यावी. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे, हरकत फेटाळली असली तरी.

पहिले पूर्ण वर्ष शून्य-रकमेचे बिल पाठवावे. त्यावर मोजलेला उपसा, लागू झाला असता तर आलेला आकार आणि शेजारील तशाच विहिरींची सरासरी असावी. चुकीच्या नोंदी, बंद मीटर आणि दुहेरी नावे या वर्षात बाहेर येतात आणि कोणाच्याही खिशाला तोशीस न लागता दुरुस्त होतात. त्यानंतर बिलाची मुदत पिकाचा पैसा हाती येण्याच्या काळाशी जुळवावी.

थकबाकीवर व्याज, नंतर पंपाला सील, नंतर वीजजोडणीविषयी कारवाई अशी चढती साखळी नियमांत लिहावी, पण पिण्याच्या पाण्याची विहीर कोणत्याही टप्प्यावर बंद करू नये. मोजमापाविरुद्ध अपील करण्याची मुदत ठरवून द्यावी आणि अपील ऐकणारी व्यक्ती मंडळाबाहेरची असावी. तपासणी शुल्क आगाऊ घेऊन मीटरची चाचणी करावी आणि मीटर सदोष निघाल्यास ते परत द्यावे.

आठवी पायरी: पैशाचा हिशेब आणि फेरआढावा

जमा रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि दर हंगामानंतर एक पान प्रसिद्ध करावे: किती जमले, कशावर खर्च झाले, निरीक्षण विहिरींची पातळी गेल्या वर्षी याच महिन्यात किती होती आणि आज किती आहे. पाणी मुरवणाऱ्या जमीनमालकाला शुल्कात वजावट देण्याची सोयही येथेच करता येते. पहारो खोऱ्यात २०१६ पासून अशी योजना चालू आहे, जिच्यात पावसाचे वाहून जाणारे पाणी आपल्या जमिनीत मुरवू देणाऱ्याला मोजलेल्या पुनर्भरणाच्या प्रमाणात परतावा मिळतो. यात वजावट फक्त मोजलेल्या पाण्यालाच द्यावी; शेततळे खोदले एवढ्याने नव्हे, कारण न मुरणारे, विहिरीतून भरलेले तळे उलट बाष्पीभवन वाढवते.

तिसऱ्या वर्षी फेरआढावा घ्यावा आणि त्यात तीन तपासण्या कराव्यात. मोजलेला उपसा आणि पातळीतील बदल एकमेकांशी जुळतात का; न जुळल्यास नोंद नसलेल्या विहिरी शोधाव्यात किंवा निथळीचा आकडा सुधारावा. वसुलीवर होणारा खर्च एकूण उत्पन्नाच्या किती टक्के आहे. तो वाढत असेल तर सवलतीची रेषा वर न्यावी. लहान शेतकऱ्यांपैकी किती जणांनी शुल्कामुळे पंप बंद केला आणि त्यांच्या वाट्याचे पाणी कोणाच्या विहिरीत गेले. ही तिसरी तपासणी घरोघरी जाऊनच करावी लागते. नोंदवहीत अशा विहिरीपुढे फक्त ‘उपसा शून्य’ एवढेच लिहिलेले दिसते.